भोकरवाडीची दोन मतं

मीनाच्या टोपलीपाशी बाया करांद्याचे कंद घ्यायला कमी आणि भोकरवाडीच्या बातम्या ऐकायला जास्त बसायच्या. किन्हवलीच्या बाजारात तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी जो सुरू व्हायचा, तो टोपली रिकामी झाली तरी थांबायचा नाही. त्या दिवशी मात्र तिने करांद्यांचा वाटा संघरत्नाबाईंच्या पिशवीत गपचूप ओतला आणि मान वर केली नाही.

"काय गं मीना, तोंडाला कुलूप लावलंस की काय आज?" बाईंनी विचारलं.

"कुटं काय, बाई."

"वाडीत कुणी आजारी आहे का?"

मीनाने आजूबाजूला पाहिलं. मग करांद्यांची माती झटकायचं निमित्त करून ती पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "आमच्यातली दोघं फुटली, बाई. वाघदेवाला दिलेला शबुद मोडला त्यांनी. आता तो वाडीत येतोय. रोज येतोय. शबुद मोडणारा घेतल्याबिगर तो माघारी जात नाय."

बाई हसल्या. हसल्या म्हणून त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. वीस वर्षं त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की "वाया कशाला घालवता, लोणचं घाला" असं म्हणायची त्यांना खोडच होती. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले टाक, ताईत, गंडे सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं होतं. त्यानंतर त्या घरात कुणाला झपाटलं नाही, कुणाची दृष्ट काढली नाही. रोज सकाळी पंचशील म्हणायचं, खोटं बोलायचं नाही आणि उगाच भ्यायचं नाही, एवढं साधं वळण.

पण मीना हसत नव्हती. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

मग मीनाने सांगितलं ते असं. भोकरवाडी म्हणजे शहापूर मतदारसंघाचं पार शेवटचं टोक. डोंगर ओलांडला की मुरबाडची हद्द. मतं मोजून शंभराच्या आसपास, त्यामुळे मत मागायला वर कोण तडफडत येणार? या खेपेला मात्र शिडी चिन्हाचा उमेदवार घाम पुसत पुसत चढून आला होता आणि ओहोळावर साकव बांधून देतो म्हणाला होता. त्या ओहोळाने वाडीचा जीव नकोसा केला होता. दोन पावसाळ्यांमागे वाडीतल्या सावळीच्या नवऱ्याला पान लागलं, साप डसला, त्याला झोळीत घालून लोकांनी खाली आणलं, आणि ओहोळ दुथडी भरून चाललेला. एकाचीही पाण्यात उतरायची छाती झाली नाही. तो तिथेच काठावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला.

म्हणून या वेळी वाडीने ठरवलं, मतं विखरू द्यायची नाहीत. मतदानाच्या आदल्या दिवशी सगळे वाघदेवाच्या लाकडी पाटापुढे जमले. एकेकाने हातात तांदूळ घेऊन शब्द दिला: 'शिडी सोडून दुसरं दाबलं, तर मी जनावराची न् जनावर माझं.' बायांनी दिला, म्हाताऱ्यांनी दिला, पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरींनी दिला.

"आन मोजणीला आमचा हनुमान टेबलाशी बसलेला," मीना म्हणाली. "त्यानं आमच्या पेटीचा आकडा लिहून आणला. शहाण्णव मतं. चौऱ्याण्णव शिडीला. दोन शिलाई मशीनला."

"शिडीवाला तर पडला ना पण?"

"पडूंदे. शबुद शिडीवाल्याला थोडाच दिलावता? त्याला दिलावता." मीनाने 'त्याला' म्हणताना डोंगराकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन. शिलाई मशीन. बाईंच्या डोक्यात आत्ता लख्ख उजेड पडला, आणि त्या भर बाजारात एकट्याच मोठ्याने हसल्या.

भोकरवाडीच्या शाळेतल्या केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून त्याच तर होत्या. बायकांना ड्युटी जवळच्या केंद्रावर देतात, म्हणून किन्हवलीच्या बाईंना भोकरवाडी मिळाली होती. ड्युटीवरच्या माणसाला आपल्या गावी जाऊन मत देता येत नाही. नाव त्याच मतदारसंघात असेल तर सर्टिफिकेट मिळतं, ते दाखवून ड्युटीच्या केंद्रावरच मत टाकता येतं. शिडीचा एजंट म्हणून केंद्रावर बसलेला हनुमान दुपारी जेवायला घरी गेला होता, केंद्रावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा दोघांनी आपापली मतं उरकून घेतली होती. एक वाशिंदचा होमगार्ड प्रशांत आणि दुसऱ्या स्वतः संघरत्नाबाई. त्यांनी शिलाई मशीनच दाबलं होतं.

भोकरवाडीच्या पेटीत भोकरवाडीबाहेरचं मत पडू शकतं, हे वाडीत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपली शाळा, आपली पेटी, त्यात दुसरं कोण मरायला मत टाकणार?

"अगं वेडे," बाई म्हणाल्या, "फुटलं-बिटलं कुणी नाही. ती दोन मतं आमची आहेत. माझं आणि त्या होमगार्डचं. जा, सांग वाडीत."

मीनाचा चेहरा उजळला नाही. "माझं कोण ऐकंल, बाई? नाव तर पडलंय." मग तिने उरलेलं सांगितलं. फुटलेली मतं दोन आणि बरोबर दोन मतांचं घर वाडीत एकच, सावळी आणि तिची आंधळी सासू जना. जनाच्या वतीने बटणही सावळीनेच दाबलं होतं. सावळीचा वाडीवर राग असणार, नवऱ्याला तुम्ही काठावर मरू दिलंत म्हणून. "तिला विचारलं तर ती काय बोललीच नाय. मंग जनाआजीच उठली. बोलली, आमच्या दोघींपायी पोराबाळांची वाडी धोक्यात नको. रविवारी सांजेला आमी दोघी देवापाशी जाऊन बसतो. आमचं काय असंल ते त्याच्याशी."

"बसतो म्हणजे?"

"बसायचं. सकाळपातूर. कोण बघाया जात नाय."

बाईंना राग आला. त्यांचा राग असा चटकन यायचा आणि चेहऱ्यावर दिसायचा. या डोंगरात बिबटे होते, वनखात्याच्या पाट्या फाट्याफाट्यावर लागल्या होत्या. त्यात एक आंधळी म्हातारी आणि एक विधवा रात्रभर उघड्यावर. मीनावर रागावून काय उपयोग होता म्हणा, तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

शनिवारी त्यांनी प्रशांतला चारदा फोन लावला. तो कंपनीत शिफ्टवर, उचलला नाही. शेवटी त्यांनी निरोप टाकला: 'भोकरवाडीत तुम्ही मत कुणाला दिलंत ते कळवा. विचारायचं नसतं हे मला माहीत आहे, पण दोघींच्या जिवाचा प्रश्न आहे.' ड्युटीच्या आधी मताची गुप्तता राखीन म्हणून त्यांनी सही केली होती, ती त्यांना रात्रभर टोचत राहिली. पण स्वतःचं मत स्वतः सांगायला कोण अडवणार? आणि प्रशांतचंही मशीनलाच असणार, नाहीतर दोन आले कुठून.

रविवारी सकाळच्या गाडीने त्या फाट्यावर उतरल्या आणि चढायला लागल्या. कापलेल्या शेतांतून भाताचे भारे खळ्यावर जायचे दिवस, एरवी वाटेत चार माणसं तरी भेटायची. आज भारे जागच्या जागी पडलेले. ओहोळात घोटाभर पाणी होतं, ते त्यांनी चपला हातात घेऊन ओलांडलं. पलीकडे सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी वाजत होती की त्या दोनदा थांबल्या, तर सगळीकडे चिडीचूप. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. उन्हाने होलेही गप्प होतात, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ऊन अजून कोवळंच होतं.

वाडीत शिरताना एकही कुत्रं भुंकलं नाही, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. दारादारापुढे चुलीतली राख पातळ पसरून ठेवलेली. माणसांना वीटभट्टीवर मजुरीला न्यायला आलेली गाडी दोनदा रिकामी परत गेली होती, त्यामुळे माणसं सगळी घरात, पण बोलण्याचा आवाज कुठून येत नव्हता.

कमळू, वाडीचा जुनाजाणता माणूस, अंगणात बाजेवर बसला होता. बाईंना पाहून तो उठला. "या बाई. पानी घ्या. बरं केलंत, उजेडाचं आलात."

"कमळूदादा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"आमी नाय चालवलं," तो शांतपणे म्हणाला. "या, दावतो."

त्याने राखेतले ठसे दाखवले. मोठे, गोल, नखं न उमटलेले. बिबट्याच, बाई मनात म्हणाल्या, बिबट्या कुत्र्यांसाठी वस्तीत येतो, पुस्तकात आहे. ठसे दारापर्यंत यायचे, उंबऱ्यापाशी दोन पावलं जवळजवळ टेकलेली असायची, बसून आत पाहिल्यासारखी, आणि मग पुढच्या दाराकडे वळायचे. कोंबडं नेलं नाही, शेरडू नेलं नाही. दोन कुत्री पहिल्याच रात्री गेली, उरलेलं एक हनुमानाच्या बाजेखाली शिरलं ते आठ दिवस बाहेर आलं नव्हतं.

"घरोघर जातो," कमळू म्हणाला. "तुमी लोक मताच्या चिठ्ठ्या वाटाया फिरता तसा."

बाई ठशांच्या मागोमाग चालू लागल्या. कुतूहल म्हणून. पहिलं घर कमळूचं, दुसरं मीनाचं, तिसरं हनुमानाचं. तिथून शेजारच्या घराकडे न वळता ठसे सरळ अंगण कापून टेकडीच्या पायथ्याच्या एकाकी झोपडीकडे गेले होते, आणि तिथून पुन्हा मागे येऊन चौथ्या घरापाशी.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. हा क्रम त्यांनी मतदानाचा सगळा दिवस बोटाने गिरवला होता. मतदार यादीत कधीतरी कुणाच्या तरी चुकीने टेकडीखालचं बारा नंबरचं घर तीन आणि चारच्या मध्ये छापलं गेलं होतं, आणि खूण करताना त्यांना दर वेळी तिथे अडखळायला व्हायचं. यादी सरकारी दप्तरात. वाडीत ती कुणी अशी वाचलेली नव्हती. कमळूला तर अक्षरओळखही नव्हती.

"काय झालं, बाई?" कमळूने विचारलं.

"काही नाही. पाणी द्या जरा."

पाणी पिऊन त्यांनी मन घट्ट केलं. योगायोग असतात. आपण आलोय त्या कामाचं बघावं. त्यांनी वाडीला वाघदेवापुढे जमवायला सांगितलं.

वाघदेवाचा पाट वाडीच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली. लाकडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदराने सगळं जाडजूड झालेलं. माणसं आली. सावळी सगळ्यात शेवटी आली, सासूचा हात धरून. तिशीची बाई, पण अंगावर मांस नव्हतं. दोघींनी धुतलेली लुगडी नेसली होती, आणि ती तयारी सांजेची होती हे सांगावं लागत नव्हतं.

बाईंनी शाळेत सांगतात तसं सोपं करून सांगितलं. ड्युटीवरच्या माणसाचं सर्टिफिकेट, दुपारची वेळ, दोन मतं. "तुमच्यापैकी मत द्यायला आले त्यांनी एकेक खडा टाका. शहाण्णव झाले तर मी खोटी. चौऱ्याण्णव झाले तर दोन बाहेरची, म्हणजे आमची."

हे मात्र लोकांना पटलं. हनुमानाने टोपली मांडली. हनुमान धिप्पाड गडी. पुरुषांनी टाकले, बायांनी टाकले. मत देऊन नंतर सोयऱ्याकडे गेलेल्या तिघांचे खडे घरच्यांनी टाकले. जनाने चाचपत टोपलीची कड शोधली. सावळीचा खडा तिच्या मुठीत जरा जास्तच वेळ राहिला, मग पडला.

हनुमानाने मोजले. पुन्हा मोजले. "चौऱ्याण्णव," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "माझ्या डोक्यात कसं आलं नाय? मी जेवाया गेलतो, बाई. जेवाया गेलतो!" बायांमध्ये कुजबुज उठली. कुणीतरी जनाच्या पायाला हात लावला. आठ दिवसांत पहिल्यांदा वाडीत माणसाचा आवाज झाला असेल.

कमळू तेवढा अजून टोपलीपाशीच उभा होता. तो पंच माणूस होता, आणि पंचाला घाई नसते.

"बाहेरची मतं दोन, हे खरं," तो म्हणाला. "पन ती मशीनलाच गेली, हे कोण सांगंल? तुमचं तुमी सांगता. त्या पोलिसाचं?"

"त्याला विचारते ना. फोन लावते."

रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर यायची. बाई चढून वर गेल्या, फोन हातात धरून आभाळाकडे उंच केला, आणि तो थरथरला. प्रशांतचा निरोप सकाळी त्या डोंगर चढत असतानाच येऊन पडला होता. त्याचा बोललेला आवाज, मागे कंपनीच्या यंत्रांची घरघर.

"बाई, सॉरी, नाइट शिफ्ट होती. शिडी दाबली मी. वाडीतली सगळी माणसं शिडी शिडी करत होती, म्हटलं आपण पण द्यावं. का, काय झालं?"

बाईंनी तो निरोप तीनदा ऐकला.

आकडे त्यांना कधी फसवत नसत. प्रशांतचं शिडीला. म्हणजे वाडीच्या चौऱ्याण्णवांतली शिडीला त्र्याण्णव. म्हणजे मशीनच्या दोनांतलं एक त्यांचं, आणि एक खाली जमलेल्यांतल्या कुणाचं तरी. शब्द खरोखरच मोडला होता. एकाने.

खाली माणसं वर बघत उभी होती. सगळ्यांची तोंडं उन्हात त्यांच्याकडे वळलेली, एक सोडून. सावळी पाटाकडे बघत होती.

खरं सांगितलं तर काय होणार हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. दोनाच्या जागी एक. एकटी सावळी. सासूला घरी ठेवतील आणि हिला बसवतील, किंवा ती आपणहून जाऊन बसेल, आणि या खेपेला वाडीची खात्री पक्की असेल. पोलिसात जावं? फाटा गाठून, गाडी मिळवून, तक्रार समजावून सांगेपर्यंत सांज होणार, आणि स्वतःच्या पायाने देवापाशी बसायला निघालेल्या बाईला पोलीस कुठल्या कलमाखाली अडवणार?

आणि खोटं? पन्नाशी जवळ आली, बाईंनी हजेरीपटावरसुद्धा कधी खोटी खूण केली नव्हती. गावात हसायचे त्यांना यावरून. आज सकाळीच अंघोळ करून त्यांनी ते शब्द म्हटले होते, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. पण त्या शब्दांच्या आधी आणखी एक होतं, सगळ्यात पहिलं, जीवहत्येपासून दूर राहीन. दोन्ही एकदम पाळता येत नसतील तर कुठलं पाळायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आजोबांनी काय केलं असतं, असा विचार त्यांनी केला, आणि आजोबा चिडूनच बोलले असते असं वाटून त्यांना जरा धीर आला. लाकडाच्या पाटापुढे खोटं बोलायला तुला भीती कसली वाटते गं?

त्यांनी निरोप पुसून टाकला आणि खाली आल्या.

"मशीन," त्या म्हणाल्या. "दोघांनीही मशीनच दाबलं."

"हात ठेवून बोला, बाई," कमळू म्हणाला. त्याच्या आवाजात जबरदस्ती नव्हती, विनवणी होती. त्याला हे खरं व्हायला हवं होतं. "तुमी देव मानत नाय, ठाऊक हाय. आमच्यासाठी बोला. आमी बोललो तेच."

बाईंनी हात पुढे केला. शेंदराखालचं लाकूड सावलीतही कोमट लागलं, नुकतंच कुणीतरी अंग टेकून उठून गेल्यासारखं.

"दोन्ही मतं आमची," त्या म्हणाल्या. "माझं आणि प्रशांतचं. वाडीतलं कुणी फुटलं नाही. हे खोटं असेल तर मी जनावराची आणि जनावर माझं."

बोलताना आवाज कापला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. वीस वर्षं पोरांपुढे उभं राहिल्याचा फायदा.

मग मागून नखांचा बारीक आवाज आला. हनुमानाचं कुत्रं बाजेखालून निघून चालत आलं होतं. पाठीचं पार हाडूक झालेलं. ते अंगणाच्या मधोमध आलं, पुढचे पाय ताणून त्याने आळस दिला, आणि भर उन्हात कूस टाकून झोपलं.

"गेला," कोणीतरी म्हणालं. "वाडीतून गेला."

आणि वाडी सैल झाली. बायांनी दारापुढची राख खराट्याने लोटायला घेतली. हनुमान उद्याच्या गाडीचं बोलू लागला, भारे आजच खळ्यावर घ्यायचं ठरलं, कुणाच्या तरी पोराने आठ दिवसांत पहिल्यांदा धावत जाऊन चिंचेवर दगड मारला. हे सगळं आपल्यामुळे झालं म्हणून बाईंना बरं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्या सावळीकडे वळल्या. वाटलं होतं, ती रडेल, हात धरेल. पण सावळी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि त्या बघण्यात सुटका नव्हती. खाटेवरून नेल्या जाणाऱ्या माणसाकडे दारातल्या बाया बघतात तसं ती बघत होती. वाडीत एकटी तीच होती जिला नक्की ठाऊक होतं की बाईंनी काय केलं.

बाईंनी हळूच मान हलवली. राहू दे. सावळीने सासूला जवळ ओढलं.

जेवून जा, असं कुणी म्हणालं नाही. एरवी भोकरवाडीत भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय पाय निघू द्यायचे नाहीत. मीनाने बाईंची पिशवी आणली, ती हातात दिली नाही, समोर जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. बाईंची कानशिलं तापली. वस्तू हातात न देता जमिनीवर ठेवायच्या गोष्टी त्यांनी आजीकडून ऐकल्या होत्या, आणि त्या ऐकूनच त्यांच्या घराने सगळं नदीत सोडलं होतं. पण मीनाचे डोळे पाहिल्यावर त्यांना कळलं, हे ते नव्हे. मीनाला त्यांचा विटाळ वाटत नव्हता. मीना भ्याली होती.

"अगं मीना," त्या हसून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला करांदे आणशील ना? बाजारात भेटूच."

मीना रडत होती. तिने हो म्हटलं नाही.

तीन वाजत आले होते. सावल्या पाटापासून वाटेकडे पसरायला लागल्या होत्या. फाट्यावर चारची गाडी होती, ती चुकली की सकाळपर्यंत दुसरी नाही. बाईंनी पिशवी खांद्याला लावली. कुणीतरी सोबत येईल म्हणून त्या जरा रेंगाळल्या. ओहोळापर्यंत पाहुण्याला पोचवायला नेहमी दोघंतिघं यायची. आज कोणी जागचं हललं नाही. कमळूने दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"बरं मग," बाई म्हणाल्या, "येते हं मी."

चौऱ्याण्णव मतांच्या वाडीत एकही माणूस 'या' म्हणालं नाही.

बाई थांबल्या. एवढा साधा शब्द. दारात आलेल्या गोसाव्यालाही म्हणतात; तो म्हटला की पाहुण्याच्या मागून येईल त्यालाही बोलावणं जातं. आपण तो ऐकायला थांबलोय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि वीस वर्षांचं विज्ञान त्या क्षणी त्यांच्या कामाला आलं नाही. त्यांना भीती वाटली, सरळ सरळ वाटली.

"येते," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने.

जनाने आवाजाच्या दिशेला आपलं आंधळं तोंड वळवलं. तिला लोकांचे चेहरे दिसत नव्हते. तिला एवढंच कळलं होतं की कुणी परकी बाई आपला जीव वाचवून निघाली आहे. तिचा सुरकुतलेला चेहरा मायेने फुलला. "ये गो माझी बाय," ती म्हणू लागली, "परत ये..."

शब्द पुरा व्हायच्या आत सावळीने सासूच्या तोंडावर हात दाबला, आणि बाई वाटेच्या वळणापलीकडे जाईपर्यंत तो काढला नाही.